बाबांचा ब्लू बॅज आणि आम्हाला लागलेलं तिकीट

सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, पन्नास पावलं टाकली की टेकायला काहीतरी लागतं, म्हणून शेवटी ब्लू बॅजचा, म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच्या पार्किंग सवलतीच्या कार्डाचा, अर्ज केला. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. फॉर्म ऑनलाइनच, फोटो, पत्त्याचा पुरावा, औषधांची यादी, मग कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, बोलावणं आलं आणि एका बाईंनी त्यांना चालवून बघितलं. आणि नेमके त्याच दिवशी बाबा व्याह्यांसमोर चालल्यासारखे ताठ चालायला लागले, मी मागून डोळे वटारतेय पण लक्ष कुठे! पाचव्या मिनिटाला भिंत धरली तेव्हा बाईंना कळलं. १० पौंड भरले, ३ वर्षांचा बॅज आला.

मला वाटलं झालं, पार्किंगची कटकट संपली. पहिल्याच आठवड्यात डेंटिस्टकडे गेलो, रस्त्याकडेच्या सिंगल पिवळ्या रेघेवर (जिथे एरवी पार्किंगला बंदी असते) गाडी लावली, परत येऊन बघते तर काचेवर दंडाच्या तिकिटाचं पाकीट. बॅज होता की समोर! पण उलटा. फोटोची बाजू वर ठेवलेली. बाबा म्हणे, "अगं ओळखपत्र आहे ना ते, मग फोटो नको दिसायला?" ३५ वर्षं इथे काढली तरी ही सवय काही जात नाही. खरं तर व्हीलचेअरचं चित्र आणि मुदतीची तारीख असलेली बाजू वर हवी, फोटो खाली. आणि चूक माझीही होतीच, बॅजबरोबर पुठ्ठ्याचं निळं घड्याळ येतं त्यावर आल्याची वेळ लावून ठेवायची असते, ते डॅशबोर्डच्या खणात तसंच पडलेलं.

१४ दिवसांत भरलं तर दंड निम्मा, पण मी आधी बॅजच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून कौन्सिलला कळवलं. यावेळी माफ, पुढच्या वेळी नाही असं उत्तर आलं. नशीब.

आता उतरले की आधी फुटपाथची कड बघते. पिवळी रेघ सिंगल असो की डबल, बॅज असला की ३ तास चालतं, पण कडेवर आडवे पिवळे पट्टे असले की तिथे लोडिंगची, म्हणजे सामान चढवायला-उतरवायलाही थांबायची बंदी, म्हणजे बॅज असूनही लावायची नाही. सेंट्रल लंडनमध्ये तर वेस्टमिन्स्टर वगैरे भागांचे नियमच वेगळे, तिथे निघायच्या आधी बघून घ्यायचं.

मागच्या महिन्यात त्यांचीच औषधं आणायला एकटी निघाले होते, बाहेर धो धो पाऊस, म्हटलं लावते बॅज, काम तर त्यांचंच आहे. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "गुडघे माझे गेलेत, तुझे नाहीत." बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही, ते सोबत नसताना वापरला तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गेले भिजत.

तेव्हापासून बॅज गाडीत ठेवतच नाहीत ते, कोटाच्या आतल्या खिशात, घड्याळही तिथेच. गाडी थांबली की स्वतः काढतात, दोनदा उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "किती वाजले गं?"