विटेवरची चार बोटं

मी महिन्यातनं दोन शनिवार स्टॅगव्हिलला गाईडचं काम करते. पगार नाही, व्हॉलंटिअर. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो, तिथनं गाडीनं पाऊणएक तास लागतो. इकडे आपले मराठी लोक ढिगानं आहेत, पण स्टॅगव्हिल म्हटलं की बहुतेकांना माहीतच नसतं, पाहुणे आले की सगळे वॉशिंग्टन नाहीतर नायगारा. म्हणून आधी जागेबद्दल थोडं सांगते आणि मग त्या दिवसाचं.

स्टॅगव्हिल म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम शहराच्या उत्तरेला बेनेहन आणि कॅमरून या घराण्यांची प्लांटेशन, गुलामांकडून कसून घ्यायचा अवाढव्य मळा. १८६० च्या सुमारास जमीन साधारण ३०,००० एकर आणि गुलाम माणसं साधारण ९००. आमच्याकडं कराड भागात ३० एकरवाल्याला मोठा बागायतदार म्हणतात, त्यावरनं अंदाज घ्या. मालकाचं घर १७८७ चं, त्याला १७९९ मधे मोठा भाग जोडला. लाकडी, पांढरं, आणि खरं सांगायचं तर फार भपकेदार नाही, टूरवर आलेले लोक पहिल्यांदा जरा निराशच होतात. १९७६ ला एका तंबाखू कंपनीनं ही जागा सरकारला दिली आणि आता ते म्युझियम आहे, बघायला तिकीट नाही. पण खरी बघायची गोष्ट मालकाचं घर नाहीच. तिथनं पुढं गाडी काढून जायचं, हॉर्टन ग्रोव्ह म्हणतात तिकडे, १८५०-५१ मधे गुलामांसाठी बांधलेली दुमजली घरं अजून उभी आहेत. एका घरात ४ खोल्या, एका खोलीत एक अख्खं कुटुंब. भिंतीला बाहेरनं फळ्या आणि आत विटा भरलेल्या, शेवटाला मोठी विटांची चिमणी. त्या चिमणीच्या विटांवर बोटांचे ठसे आहेत.

हे ठसे मी प्रत्येक टूरला दाखवते. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, की विटा इथल्याच मातीच्या, इथल्याच गुलाम माणसांनी पाडलेल्या, आणि हे ठसे बहुतेक लहान मुलांचे, कारण ओल्या विटा वाळताना पालटायचं काम मुलांकडं असायचं. लोक फोटो काढतात, कुणी हळहळतं, मग मी पुढं मोठ्या तबेल्याकडं नेते, तो १८६० चा, गुलाम सुतारांनी बांधलेला, त्यातलं लाकूडकाम बघून इंजिनिअर लोक तासभर हलत नाहीत.

ऑक्टोबरातला शनिवार होता, सकाळी चांगलीच थंडी. ग्रुप छोटा, दहा-अकरा जण. त्यात एक आजी होत्या, आफ्रिकन अमेरिकन, पंचाहत्तरीच्या असतील, सोबत नात, आठ-नऊ वर्षांची. आजींनी सुरुवातीलाच सांगितलं की त्यांच्या आजीची माणसं इथलीच, गुलामी संपल्यावरही इथंच वाट्यानं शेती करत राहिली. असे लोक येतात अधूनमधून, या घरांत अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरही, म्हणजे गुलामी संपल्यावरही, कितीतरी वर्षं कुटुंबं राहत होती. असं कुणी ग्रुपमधे असलं की मी शब्द जपून वापरते, कारण मी सांगतेय ती गोष्ट त्यांच्या घरची असते.

चिमणीपाशी आलो, मी माझं वाक्य म्हटलं. ती पोरगी विटेजवळ नाक नेऊन बघत होती, हात पाठीमागं धरलेले कारण मी आधीच सांगितलं होतं की हात लावायचा नाही, आणि तिनं विचारलं, त्यानं मुद्दाम दाबलं का? म्हणजे आपलं चिन्ह राहावं म्हणून?

आणि मला एकदम काय झालं माहीत नाही, मी तिथंच जमिनीवर उकिडवी बसले आणि तिला हातानं करून दाखवायला लागले. की बघ, माती तुडवायची, गोळा करायचा, साच्यात जोरात टाकायचा, वरचं निपटून काढायचं आणि साचा उलटा करून जमिनीवर वीट सोडायची. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही, लोण्यासारखी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरनं सुकते पण खालनं ओलीच, मग तिला कुशीवर उभी करायची म्हणजे खालच्या बाजूला वारा लागतो. विटांच्या दोन ओळींत जागा एवढीशीच, मोठ्या माणसाचा पाय तिथं धड मावत नाही आणि वाकून वाकून कंबर जाते, म्हणून हे काम पोरांच्या वाट्याला. उचलताना एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. हे बघ चार, एका ओळीत, म्हणजे हा उचलतानाचा ठसा, मुद्दामचा नाही. आणि जरा घाई झाली असणार, अजून एक दिवस थांबायला हवं होतं, नाहीतर एवढं खोल उठलं नसतं. एका विटेवर पायाच्या बोटांचा ठसा आहे, तो मात्र पाडल्या पाडल्याचा, ओल्या विटेवर कुणाचा तरी पाय पडला.

मग तिनं आपलं बोट विटेच्या शेजारी हवेत धरलं आणि म्हणाली, माझ्यापेक्षा लहान आहे. मी म्हटलं, थोडं मोठं धर, माती वाळताना आकसते, भाजल्यावर अजून आकसते, म्हणून तर साचा विटेपेक्षा मोठा करतात, तेव्हा ठसासुद्धा आकसलेलाच असणार. तिनं मान हलवली. म्हणजे माझ्याएवढीच, म्हणाली.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? मी म्हटलं, माझ्या आजोबांची वीटभट्टी होती, भारतात, नदीकाठी, मी तिथंच वाढले. त्या हसल्या, छान वाटलं त्यांना. मग विचारलं, तिथं विटा कोण पालटायचं?

मी खोटं बोलू शकले नाही. पोरं, म्हटलं. मजुरांची पोरं.

तुम्ही पण?

मी नाही. मी शाळेत जायचे. संध्याकाळी दप्तर टाकून भट्टीवर जायचे, तेव्हा माझ्याच वयाच्या पोरी पालटत असायच्या. मला त्यात मजा वाटायची, मी पण चार-सहा पालटून बघायचे आणि आबा ओरडायचे की हात खराब होतील.

त्यांची नावं काय होती, आजींनी विचारलं. अगदी साधेपणानं. आणि मला एकही नाव आठवेना.

पुढची टूर मी कशी पूर्ण केली देव जाणे. कारण तबेल्याकडं जाताना मी नेहमी कॅमरून घराण्याच्या कागदपत्रांबद्दल सांगते, चॅपल हिलला विद्यापीठाच्या लायब्ररीत ते सगळे कागद आहेत आणि त्यात गुलामांच्या याद्या आहेत, बायकांची, मुलांची नावं, वयं. त्या याद्यांवरनं आजही लोक आपले पूर्वज शोधतात. मुलांची नावं का लिहिली, तर ती मालमत्ता होती म्हणून. गाई-म्हशींची नोंद ठेवावी तशी. आणि आमच्या आबांच्या वहीत काय होतं, तर जोडी. अमका तमका, जोडी एक, उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, इतकी. नवरा-बायको मिळून एक जोडी, गड्याचं नाव लिहायचं, बायकोचं नाही, पोरांचं तर नाहीच, कारण पोरांची मजुरी वेगळी धरायचीच नाहीत. हजारी विटांचा भाव त्या जोडीला, पोरं त्यातच आली.

मी दोन्ही एक म्हणत नाही. आबांनी कुणाला विकत घेतलं नव्हतं, कुणाची पोरं तोडून विकली नव्हती. कॅमरूननं १८४४ मधे शंभरावर माणसं इथनं अलाबामाला नवीन मळ्यावर धाडली, नातीगोती तुटली, तसलं काही आमच्या भट्टीवर होणं शक्य नव्हतं, माणसं दिवाळीनंतर यायची, पावसाच्या आधी आपल्या गावी जायची. पण उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत यावंच लागायचं हेही मला माहीत आहे, आणि पोरं शाळेत नव्हती हेही.

निघताना आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, विचारा घरी. एवढंच.

रात्री मी दादांना, म्हणजे वडलांना, व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ झाली होती. भट्टी बंद होऊन बरीच वर्षं झाली पण घर तेच आहे, आमच्याच विटांचं. पुढून गिलावा आहे, मागची परसातली भिंत अजून तशीच उघडी. दादांना म्हटलं जरा मागं जा आणि विटा बघा. कशाला, म्हणाले. बघा तर. आमच्या विटेवर आबांच्या नावाची दोन अक्षरं उठवलेली असायची, साच्यातच कोरलेली होती, पण ती बाजू वीट लावताना आत जाते, दिसत नाही. बाहेर राहते ती कड.

दादा फोन हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं चालत होते, मला नुसती लाल लाल भिंत हलताना दिसत होती. नावं विचारली तर म्हणाले, मुकादम आठवतो, दोन-चार गडी आठवतात, पोरांचं काय सांगू, सगळ्यांना ए पोरी, ए पोऱ्या असंच. एक होती, तिला बारकी म्हणायचे, तिचं खरं नाव काय होतं कुणास ठाऊक. मग थांबले. फोन जवळ नेला. खालनं पाचव्या-सहाव्या थरात एका विटेच्या कडेला चार खळगे, एका ओळीत.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला हात कॅमेऱ्यापुढं आणला आणि एकेक बोट लावून बघायला लागले. म्हणाले, माझी करंगळी बी बसंना गं यात.

मी म्हटलं, दादा, वीट आकसते, खरं बोट थोडं मोठं असेल.

ते म्हणाले, आकसून आकसून किती आकसंल.