वर्गमूळाची करणी

करणी (√२ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ) हा शब्द गणिताच्या तासाला पहिल्यांदा आला तेव्हा अख्खा वर्ग खुसखुसला होता, कारण करणी म्हणजे कुणीतरी कुणावर तरी करतं ती, एवढंच आम्हाला ठाऊक. परवा भाचीला वर्गमूळाची समीकरणं शिकवायला बसलो आणि वाटलं, आम्ही उगाच हसलो नव्हतो.

√(क्ष + ६) = क्ष. सोप्पं. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, मूळ गायब, अवयव पाडले, उत्तरं ३ आणि −२. तिने खाली डबल लाइन मारून वही मिटलीसुद्धा. म्हटलं ताळा कर. ३ घातले तर √९ म्हणजे ३, जमलं. −२ घातले तर √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२! "मामा, मी चुकले कुठे ते दाखव." आता काय दाखवणार, ती कुठेच चुकली नव्हती.

वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, ३ चा वर्ग ९ आणि −३ चाही ९च. √ मात्र फक्त धन मूळ देतं, तसं ठरलेलंच आहे. त्यामुळे वर्ग करताना √(क्ष + ६) = −क्ष हे जुळं भावंडही गुपचूप आत शिरतं, आणि −२ हे त्याचं अगदी खरंखुरं उत्तर, फक्त पत्ता चुकून आपल्याकडे आलेलं.

"म्हणजे ऋण आलं की खोडायचं ना?" अजिबात नाही. √(क्ष + ७) = क्ष − ५ सोडव. (इथे तिने मुळाचं छप्पर, म्हणजे √ ची वरची आडवी रेघ, फक्त क्षवर घातलं, बिचारा ७ बाहेर पावसात. हे छप्पर फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये घातलं, त्याआधी १५२५ मध्ये जर्मन गणिती रुडोल्फने नुसतंच √ छापलं होतं, तेव्हा मूळ कुठवर पोचतं याचा घोळ किती होत असेल!) उत्तरं आली ९ आणि २. दोन्ही धन, दोन्ही साळसूद, आणि तोतया निघाला २, कारण √९ म्हणजे ३ आणि २ − ५ म्हणजे −३.

मग मी मुद्दाम √क्ष = −५ दिलं. तिने झटकन वर्ग करून २५ लिहिलं, ताळ्याला बसली आणि पेन खाली ठेवलं.

"मामा, हे तर वर्ग करायच्या आधीच दिसत होतं की रे."