सर्ज यशस्वी झाला म्हणजे नेमकं काय झालं?

इराक युद्धाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, बाकी काहीही म्हणा, २००७ चा सर्ज, म्हणजे अमेरिकेनं तिथे जादा सैन्य पाठवलं ते, मात्र कामी आला. लगेच दुसरा उसळतो, कसला डोंबलाचा कामी आला, पैसे चारून शांतता विकत घेतली. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

आधी परिस्थिती काय होती ते बघा. फेब्रुवारी २००६ मध्ये समाराची अल-अस्करी मशीद उडवली आणि त्यानंतर बगदादमध्ये शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला, रोज सकाळी रस्त्यांवर मृतदेह सापडायचे. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या बेकर-हॅमिल्टन समितीनं सांगितलं की लढाऊ तुकड्या हळूहळू काढून घ्या, आणि बुश साहेबांनी १० जानेवारी २००७ ला बरोब्बर उलटं जाहीर केलं, आणखी २० हजारांहून जास्त सैनिक पाठवतो, पाच ब्रिगेड, बहुतेक बगदादमध्ये. पुढे हा आकडा ३० हजारांच्या आसपास गेला. नवे कमांडर जनरल पेट्रेयस यांनी सैनिकांना मोठ्या तळांवरून काढून वस्त्यांमध्येच राहायला पाठवलं.

पहिले काही महिने भयंकर गेले. एकट्या मे महिन्यात १२६ अमेरिकन सैनिक मेले. एप्रिलमध्येच सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड म्हणून गेले होते की युद्ध हरलंय, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन बगदादच्या शोरजा बाजारात फिरून आले आणि म्हणाले परिस्थिती सुधारतेय. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, भोवती शंभरेक सैनिक, वर हेलिकॉप्टरं. अशा बंदोबस्तात कुठलाही बाजार सुरक्षितच वाटणार की!

सप्टेंबरमध्ये पेट्रेयस आणि इराकमधले अमेरिकेचे राजदूत क्रॉकर काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर आले तेव्हा तर आकड्यांवरूनच जुंपली. पेट्रेयस यांचे तक्ते हिंसा उतरल्याचं दाखवत होते, आणि टीकाकार विचारत होते की पंथीय खून तुम्ही मोजता कसे, म्हणजे डोक्यात मागून गोळी असली तर पंथीय आणि पुढून असली तर साधा गुन्हा असं काही आहे का, असा आरोप तेव्हा खरोखर पेपरात छापून आला होता. तिकडे काँग्रेसच्याच ऑडिट खात्यानं इराकी सरकारसाठी ठरवलेल्या १८ उद्दिष्टांपैकी फक्त ३ पूर्ण झाल्याचं सांगितलं. पण सगळ्यात भारी प्रश्न रिपब्लिकन सिनेटर जॉन वॉर्नर यांचा, की यानं अमेरिका जास्त सुरक्षित होतेय का? पेट्रेयस आधी म्हणाले, खरं तर मला माहीत नाही. नंतर सावरून घेतलं, पण बोलून गेले ते गेलेच.

आता गंमत अशी की त्यानंतर हिंसा खरंच उतरली, आणि जोरात उतरली, हे सर्जच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं. भांडण आहे ते कशामुळे यावर. पश्चिम इराकमधल्या अनबार प्रांताच्या सुन्नी टोळ्या २००६ च्या सप्टेंबरातच, म्हणजे सर्जच्या आधी, अल-कायदाविरुद्ध उठल्या होत्या. त्यांचा रमादीतला म्होरक्या शेख अब्दुल सत्तार अबू रिशा बॉम्बस्फोटात मारला गेला तो पेट्रेयस यांच्या साक्षीनंतर दोनच दिवसांनी. पुढे अशा बंदूकधाऱ्यांना अमेरिका महिना साधारण ३०० डॉलर द्यायला लागली आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या मिलिशियाला, म्हणजे खासगी सेनेला थांबवलं ते वेगळंच. आणि बगदादच्या मिश्र वस्त्या तोवर बऱ्याच ‘साफ’ झाल्या होत्या, कॅलिफोर्नियातल्या काही भूगोल संशोधकांनी उपग्रहातून रात्रीचे दिवे बघितले तर सुन्नी भागांत सर्ज पुरता उभा राहण्याआधीच अंधार वाढलेला, म्हणजे तिथले लोक आधीच मारले गेले किंवा पळाले होते. उरलेल्या ठिकाणी काँक्रीटच्या भिंती. बगदादच्या अधमिया या सुन्नी वस्तीभोवती जवळपास ५ किलोमीटरची भिंत घालायला घेतली तेव्हा तिथले लोक विरोधात रस्त्यावर उतरले होते, इराकचे पंतप्रधान मलिकीही नको म्हणाले होते.

तरीही सर्जनं काहीच केलं नाही असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. सुन्नी टोळ्यांनी त्याआधीही अल-कायदाशी वैर घेऊन बघितलं होतं आणि चिरडल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये पाठीशी पुरेसं सैन्य होतं म्हणून त्या टिकल्या. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधारानं उभ्या राहिल्या.

पण मग बुश यांचं जानेवारीचं भाषण काढून वाचा ना. त्यात सर्जचा हेतू स्पष्ट होता, की इराकी सरकारला उसंत मिळावी आणि त्यांनी राजकीय तडजोड करावी. तेलाच्या उत्पन्नाच्या वाटणीचा कायदा होईल, वर्षअखेरीपर्यंत प्रांतिक निवडणुका होतील. तेलाचा कायदा झालाच नाही, निवडणुका झाल्या २००९ च्या जानेवारीत. स्वतःच लावलेल्या कसोटीवर सर्ज नापास झाला, मग भले गोळीबार कमी झाला असेल, आणि ज्यांचे जीव वाचले त्यांच्यासाठी ते थोडंथोडकं नव्हतं हेही खरंच.

त्या सुन्नी बंदूकधाऱ्यांचा कारभार २००८ च्या ऑक्टोबरपासून मलिकी सरकारकडे गेला. पाचातल्या एकाला पोलिसात किंवा सैन्यात घेऊ असं ठरलं होतं. प्रत्यक्षात कित्येकांचे पगार रखडले, काहींना तर अटक झाली. २०१४ च्या जूनमध्ये आयसिसनं मोसुल घेतलं तेव्हा सर्जचे समर्थक म्हणाले ओबामांनी २०११ मध्ये सैन्य काढलं म्हणून हे झालं. २०११ अखेर बाहेर पडायचं हे ज्या करारात लिहिलं होतं, त्यावर सही मात्र २००८ मध्येच झाली होती, बुश राष्ट्राध्यक्ष असताना.