आर्टिस्ट व्हिलेज: घरं बदलली, अंगण राहिलं

हार्बर लाइनने सीबीडी बेलापूरला उतरलं की आधी दिसतात त्या कचेऱ्याच. रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हटलं की बास. सेक्टर 8, मागे पारसिकचा डोंगर.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 दरम्यान ही वसाहत रचली. हेच कोरिया साठच्या दशकात वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांच्याबरोबर ‘खाडीपलीकडे नवं शहर वसवा’ म्हणून सांगत होते. आज इथे मूळ घर शोधावं लागतं. मला एक सापडलं: उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खिडकी, ओट्यावर पापड वाळत घातलेले. शेजारी तीन मजली बंगला, दर्शनी भागाला ग्रॅनाइट, गॅलरीला काच. पण दोघांच्या मध्ये हातभर का होईना, मोकळी जागा.

सगळी गोम त्या फटीत आहे. कोरियांनी दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही. प्लॉट जेमतेम 45 ते 75 चौरस मीटरचे. पैसे जमतील तसं ज्याने त्याने वाढवावं. ओट्यावरच्या काकूंना विचारलं, “मजला चढवायचा तर शेजाऱ्यांना विचारावं लागतं का हो?”

“कशाला? आपली भिंत, आपली जागा. समोरच्यांनी थोरल्याचं लग्न ठरल्यावर चढवलाच की!”

माझ्या डोंबिवलीच्या सोसायटीत खिडकीला ग्रिल बसवायचं तरी कमिटीपुढे अर्ज करावा लागतो. त्यामुळे मूळ घरं पाडली म्हणून हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही. बंगला कुरूप आहे, मान्य. पण घर वाढणार हे नकाशातच गृहीत होतं, आणि खरी रचना घरांची नव्हतीच. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचं एक अंगण, अशा तीन गटांची मिळून 21 घरं आणि त्यांच्यामध्ये मोठा चौक. सुमारे 550 कुटुंबांची सोय, तीही लिफ्टशिवाय. टॉवरात माणसं जास्त मावतात, खरंय. पण तिथे दाराबाहेर पाय टाकला की पॅसेज, इथे अंगण. मी गेलो तेव्हा तिथे पोरांचं क्रिकेट चाललं होतं, एकटप्पी आउट.

गाड्यांचा हिशोब मात्र त्या काळी कुणी धरला नसावा. निम्मं अंगण त्यांनीच अडवलंय. गणपतीत तेवढ्या बाहेर काढायला लावतो, काकू म्हणाल्या. एरवी विषय काढला की भांडण.