पक्क्या दातांचे कोंब
परवा रंकाळ्यावर सायकल शिकताना भाचा हनुवटीवर आपटला. वय ६. टाके पडले, पण दात जुळेनात, म्हणून आज स्कॅन केला. खालचा जबडा पुढे मोडलाय आणि कानाजवळच्या सांध्याशीही फ्रॅक्चर आहे.

ताईचा धोशा एकच, "प्लेट टाका आणि मोकळं करा." मलाही तेच पटत होतं. मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून बोट ठेवलं. दुधाच्या दातांखाली, हाडातच, पक्क्या दातांचे कोंब दाटीवाटीनं बसलेले! स्क्रू तिथं गेला तर कोंबच दुखावणार. हाड जास्त सरकलं तरच प्लेट, तीही खालच्या कडेला, आणि बऱ्याचदा नंतर काढावी लागते. विरघळणाऱ्या प्लेटाही असतात.

याचं हाड थोडंच सरकलंय. म्हणून भूल देऊन दातांवर मापाची अ‍ॅक्रिलिकची टोपी तारेनं बसवणार, साधारण २-३ आठवडे. मुलांचं हाड लवकर जुळतं. सांध्याला शस्त्रक्रिया नाही, पण तोंड उघडायचे व्यायाम लवकर सुरू करायचे, नाहीतर सांधा आखडतो. जबड्याची वाढ नीट होतेय का, हे पुढं काही वर्षं बघावं लागेल. याचीच मला खरी काळजी वाटते.

आत्ता ताईनं पांढरा रस्सा गाळून कोमट करून दिलाय. ओठांच्या कोपऱ्यातून चमच्यानं पितोय, आणि सायकलचं हँडल वाकलं का, म्हणून खुणेनं विचारतोय.