चिठ्ठ्यांचं जेवण

२३ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा

हाताला ग्लिटर चिकटलंय ते दोनदा साबण लावूनही जात नाहीये, पाय तर विचारूच नका. परवा आमच्याकडे ख्रिसमसचं ओपन हाउस आहे, म्हणजे दुपारी चार ते रात्री आठ दार उघडं, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा यायचं, प्लेट भरून घ्यायची, गप्पा मारायच्या आणि निघायचं. बसून जेवायचं असतं तर सगळे एकदम आले, जेवले, संपलं. इथे टेबल चार तास तसंच उभं राहणार आणि सव्वासातला येणाऱ्यालाही ते नीट दिसायला हवं, खरी गोम हीच आहे आणि मागच्या वर्षी ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. चार वाजता फोटो काय सुंदर आले होते! साडेपाचला त्याच भल्यामोठ्या ट्रेमध्ये केकचा चुरा आणि सॉसमध्ये पाइनच्या सुया.

म्हणून यंदा रंगीत तालीम घेतली. रिकामी भांडी मांडली, प्रत्येकात चिठ्ठी टाकली, केक, सूप, सॅलड, चीज वगैरे, आणि नवऱ्याला म्हटलं तू पाहुणा हो. तो पण अगदी गंभीर चेहऱ्याने चिठ्ठ्या वाढून घेत निघाला. तिसऱ्या भांड्यापाशी अडकला, कारण काटे-चमचे आणि नॅपकिन मी सुरुवातीलाच प्लेटांशेजारी ठेवलेले, मग एका हातात प्लेट, दुसऱ्यात काटा, सूप काय दाताने घ्यायचं? ते सगळं उचलून पार शेवटी नेलं, नॅपकिनमध्ये गुंडाळून वर सुतळीची गाठ, ती गाठच इतकी छान दिसते की वेगळ्या सजावटीची गरज नाही. मग सॅलडला हात घालताना त्याची बाही बरोबर मेणबत्तीवरून गेली (पेटवली नव्हती, नशीब). आणि मी तर मेणबत्त्यांच्या बुडाशी पाइनच्या फांद्या रचल्या होत्या, वाळलेली पाइन कशी भुरकन पेटते माहीत असूनही! आता फांद्यांमधून बॅटरीवरची एलईडीची माळ, आणि खऱ्या मेणबत्त्या लांब खिडकीजवळच्या शेल्फवर, त्याही बिनवासाच्या. जेवणाला व्हॅनिलाचा वास कशाला यायला पाहिजे?

टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं. पेयं वेगळ्या छोट्या टेबलावर, कारण लोक ग्लास भरतात आणि तिथेच गप्पा मारत उभे राहतात, मागची रांग जागची हलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला उंचीने. सगळं एका पातळीत ठेवलं की टेबल दुकानाच्या काउंटरसारखं दिसतं, म्हणून कापडाखाली बुटांचे खोके ठेवले, त्यावर जड काचेचं भांडं ठेवताच खोका चक्क बसला. मग उलटं पातेलं. कापड जमिनीपर्यंत सोडलंय त्यामुळे आतली ही सगळी भानगड कुणाला दिसत नाही. उंच वस्तू मागे किंवा मधोमध, पुढे बुटक्या, एवढंच.

लेकीला भांड्यांच्या मधे खरी हॉली हवी होती, ख्रिसमसच्या सजावटीतलं ते काटेरी पानांचं झुडूप. हॉलीची लाल फळं विषारी असतात आणि लहान मुलांना ती गोळ्यांसारखी वाटतात, म्हणून हॉली दाराबाहेरच्या रीथमध्ये, म्हणजे पानाफांद्यांच्या गोल हारात गेली. पॉइनसेटियाची कुंडीही कोपऱ्यात ठेवली, त्याच्या चिकाने काहींच्या अंगाला खाज येते. त्याची लाल 'फुलं' म्हणजे खरं तर पानं, फूल म्हणजे मधले ते पिवळे ठिपके, हे मला यंदा कळलं आणि संध्याकाळपासून मी ते तीन जणांना सांगितलंय.

भांडी मुद्दाम लहान काढली. बाहेर ठेवलेलं अन्न दोन तासांच्या वर तसंच राहू द्यायचं नाही, साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू भराभर वाढतात. म्हणजे थोडंथोडं आणायचं, आणि उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही, भांडंच बदलायचं. त्यामुळे टेबलही उष्टं-उष्टं दिसत नाही. फक्त मला सारखं स्वयंपाकघरात पळावं लागणार, त्याला इलाज नाही.

सासूबाई एक चक्कर मारून गेल्या. म्हणाल्या, "छान झालंय गं, पण जेवण कुठे ठेवणार?" राग आला. मग मोजलं तर खरंच दोन भांड्यांना जागा नव्हती. मधली मोठी सजावट, पाइनची सुकी शंकूसारखी फळं, सोनेरी गोळे, ज्यावर मी आख्खी संध्याकाळ घालवली, ती निमूट उचलून ड्रॉइंगरूमच्या टीपॉयवर नेली. तिथे ती जास्त चांगली दिसतेय, हे त्यांना उद्या सांगेन. कदाचित.

आत्ता लाइट बंद करायला गेले तर सुपाच्या भांड्यातली चिठ्ठी उलटी पडलेली. मागे लेकीच्या अक्षरात, 'मीठ कमी आहे'.