तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात खेळ घेत बसलात तर पोर्शन कधी संपणार?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो आणि नवीन लागलेले शिक्षकही हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितो. मी दुष्काळी पट्ट्यात भूगोल शिकवतो. भूजलाचा धडा वाचून पाठ होतो, पण ज्याच्या घरी बोअर आहे त्या पोरालाही आपला उपसा आणि शेजाऱ्याची आटलेली विहीर यांचा संबंध लागत नाही. खेळात लागतो.

खेळ साधाच. पाच जणांचा गट, मध्ये वाटीत 40 चिंचोके, हे जमिनीतलं पाणी. दरवर्षी ज्याने त्याने ठरवायचं, ऊस लावायचा का हरभरा. उसाला 4 चिंचोके लागतात, 5 रुपये मिळतात. हरभऱ्याला 1 लागतो, 2 रुपये मिळतात. वर्ष संपलं की पाऊस म्हणून मी 8 चिंचोके टाकतो. पहिल्या डावात बोलायचं नाही. मग जो तो ऊस लावतो, आणि एकेकट्याचा हिशोब बघितला तर कोणाचंच चुकत नाही, पण तिसऱ्या वर्षी वाटीत 16 उरलेले असतात आणि पाचव्याला द्यायला काही नसतं, मग जी आरडाओरड होते ती शेजारच्या वर्गापर्यंत जाते.

दुसऱ्या डावात बोलायला परवानगी. आधी सगळे हरभऱ्यावर येतात, मग कोणीतरी बोटं मोजून म्हणतं, सर, एकानेच ऊस लावला तर 8 जातात आणि 8च येतात, मग आळीपाळीनं लावू की! हे मी आधी कधीच सांगत नाही.

त्यानंतर पाणी पंचायत, म्हणजे लोकांनी मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, शिकवायला घेतो. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला हे काम सुरू केलं. पाण्याचा वाटा जमीन किती यावर नाही, घरात माणसं किती यावर, माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. बंदी का, हे आता समजवावं लागत नाही. ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशाला, यावर मात्र पोरं जोरात भांडतात आणि मी भांडू देतो, कारण खरा तास तोच.

मोबाईलवरच्या क्विझला मी यात धरत नाही. उजळणीला ते छान, पण त्यात पोराला काही ठरवावं लागत नाही. आणि नकाशावाचनाला सरावच लागतो, तिथे खेळ नको.

पोर्शनचं म्हणाल तर जोडतास लागतो हे खरं, पण नंतर धडा एका तासात होतो, कारण पोरं प्रश्न घेऊनच बसलेली असतात. वेळ कमी पडला तर एक डाव कमी करा, चर्चा कापू नका. आणि चर्चेत पहिला प्रश्न पाणी कधी संपलं हा नको, पहिल्याच वर्षी तू ऊस का लावलास, हा विचारा.